काहीच काम नाही, भेटायला आलो

मुंबईत दारावरची बेल कारणाशिवाय वाजत नाही. कुरिअर असतो, सिलिंडर असतो, मंडळाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक असतं, निवडणूक जवळ आली की मतदारयादीच्या चिठ्ठ्या असतात. म्हणून दार अर्धवट उघडून आपण पहिलं विचारतो ते ‘काय काम होतं?’ समोरचा म्हणाला, ‘काहीच काम नाही, भेटायला आलो’, तर कडीवरचा हात सुटत नाही, उलट घट्ट होतो. काम सांगणारा परवडला. तो काय विकतोय ते कळतं आणि नको म्हणून दार लावता येतं. बिनकामाचा माणूस म्हणजे नक्की काहीतरी मोठं विकायला आलेला.

पांडुरंगशास्त्री आठवले, म्हणजे गीतेच्या विचारावर उभ्या राहिलेल्या स्वाध्याय परिवाराचे दादा, यांनी मैत्रीचा जो प्रयोग केला तो सगळा या एका वाक्यावर उभा आहे. हे वाक्य खरं ठरवायला किती शिस्त लागते, याची बाहेरच्यांना सहसा कल्पना नसते. दादांवर लिहिणारे बहुधा त्यांच्या प्रवचनांबद्दल लिहितात, किंवा १९९६चा मॅगसेसे आणि १९९७चा टेम्पल्टन पुरस्कार सांगून थांबतात. मला कुतूहल वाटतं ते त्या मैत्रीच्या कृतीचं. कुणी जायचं, कुणाकडे, कधी, किती वेळ आणि काय न घेता परत यायचं.

दादा मूळचे रोह्याचे. जन्म १९ ऑक्टोबर १९२०चा. वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली भुलेश्वर आणि सी. पी. टँकच्या गजबजाटात, माधवबागेत, श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू केली होती. तिथे १९४२पासून दादा बोलू लागले. टाऊन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून एशियाटिकच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं वाचन चालू होतं ते वेगळंच. १९५४ साली ते जपानमधल्या तत्त्वज्ञांच्या परिषदेला गेले, गीतेतलं तत्त्वज्ञान मांडलं, आणि तिथे त्यांना विचारलं गेलं की हे सगळं तुमच्या देशात प्रत्यक्ष जगलं जातं का. प्रश्न सरळ होता आणि अडचणीचा होता. नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक आर्थर कॉम्प्टन यांनी अमेरिकेत येण्याचं सुचवलं तेही नाकारून ते परतले. १९५६ साली ठाण्याला तत्त्वज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. १९५८च्या सुमाराला त्यांच्याकडे गीता ऐकणारी माणसं सौराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर जाऊ लागली. नुसती भेटायला.

यामागचा विचार तसा एका ओळीत मावतो, पण तिथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे नियम त्यातून निघतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, ‘सर्वस्य चाहं हृदि सन्निविष्टो’, मी सगळ्यांच्या हृदयात येऊन बसलोय. हा श्लोक तोंडपाठ असलेली माणसं महाराष्ट्रात काही कमी नव्हती. दादांनी त्याचा हिशेब शेवटपर्यंत नेला. तो माझ्यात आहे आणि समोरच्यातही आहे, तर आम्हा दोघांचं नातं आधीच ठरलेलं आहे. एका रक्ताचे नसू, पण रक्त बनवणारा एकच आहे. मग ओळख करून घ्यायला निमित्त कशाला हवं? न भेटणं हीच काय ती चमत्कारिक गोष्ट.

आपली नेहमीची मैत्री अशी नसते. शाळेत एका बाकावर बसलो, रोज सकाळची एकच लोकल पकडतो, एका गावचे निघालो, एका नाटकवेडाने जवळ आलो. म्हणजे अर्धा योगायोग आणि अर्धी आवड. त्यात काही वाईट नाही, पण अशा मैत्रीत माणूस आपण निवडतो आणि निवडताना आपल्यासारखाच निवडतो. दादांच्या मांडणीत निवडच काढून घेतली आहे. जो शेजारी कचरा जिन्यात ठेवतो त्याच्याही हृदयात तोच बसलाय. हे ऐकायला छान वाटतं, संध्याकाळी सात वाजता त्याच्या दारात उभं राहायचं म्हटलं की पाय जड होतात. आपण पसायदानात ‘मैत्र जीवांचें’ म्हणतो आणि लगेच चपला शोधताना बाजूच्याकडे बघतही नाही.

हा विचार अंगात मुरावा म्हणून रोजची तयारी आहे, तिला त्रिकाल संध्या म्हणतात. सोवळं, पाट, पळीपंचपात्र काही लागत नाही, तीन वेळांना मिळून पाचएक मिनिटं पुरतात. सकाळी उठल्यावर अंथरुणातच ‘कराग्रे वसते लक्ष्मीः’, कारण झोपेतून उठताना आठवण परत मिळाली. जेवताना ‘अहं वैश्वानरो भूत्वा’ वगैरे श्लोक, कारण अन्नातून शक्ती मिळते. रात्री झोपताना ‘त्वमेव माता च पिता त्वमेव’, कारण झोपेत शांती मिळते. यातला दुपारचा श्लोक मला मैत्रीच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा वाटतो. प्राण्यांच्या पोटात अग्नी होऊन अन्न पचवणारा मीच, असं त्यात भगवंत सांगतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडताना हे मनातल्या मनात म्हणणाऱ्याला टेबलाच्या पलीकडे बसलेल्या, कालच भांडलेल्या सहकाऱ्याच्या पोटातही तेच काम चालू आहे हे निदान क्षणभर तरी दिसायला हवं. दिसत नसेल तर श्लोक नुसता तोंडाने चाललाय. तो तसाच चालतो बहुतेकांचा, हेही खरं.

दादा या भेटींना समाजसेवा म्हणू देत नसत. त्यांच्या लेखी ही भक्तीच होती, आणि भक्ती ही सामाजिक शक्ती आहे हे त्यांचं आवडतं सूत्र होतं. सेवा म्हटलं की एक हात वर येतो आणि एक खाली जातो. मी काहीतरी घेऊन आलोय, तुझ्याकडे काहीतरी कमी आहे. असा पाहुणा गेल्यावर घरातलं माणूस सुटकेचा निःश्वास टाकतं. देवाला भेटायला आलेल्या माणसाला देता येण्यासारखं काही नसतं, तो रिकाम्या हाताने येऊ शकतो. रिकाम्या हाताने येणं हा या पद्धतीतला कणा आहे, आणि तोच सगळ्यात आधी मोडतो. पहिल्या दोन भेटींनंतर मुलांसाठी वह्या न्याव्यात, म्हातारीसाठी शाल न्यावी असं वाटू लागतं. नेऊ नये. शाल दिली की पुढच्या वेळी ती म्हातारी शाल पांघरून बसते, गरम होत असलं तरी.

आता जेवणाचा नियम. भक्तिफेरीला, म्हणजे लांबच्या गावी अशा भेटींना, जाणारे स्वतःच्या खर्चाने जातात, देणगी मागत नाहीत आणि ज्या गावात जातात तिथल्या लोकांवर जेवणाचा भार टाकत नाहीत. स्वतःची शिदोरी असते. नियम चांगला आहे आणि त्यामागचं कारण रोकडं आहे. एका घरी जेवलं की दुसरं घर रुसतं, तिसऱ्या घरात पाहुण्यांसाठी उसने तांदूळ येतात, आणि चौथ्यांदा फेरी येणार कळल्यावर गावच म्हणतं की आता नको. पण महाराष्ट्रात या नियमाला एक काटा आहे. आपल्याकडे एखाद्याच्या घरचं न खाणं याचा अर्थ शेकडो वर्षं वेगळाच होता. वरच्या आळीतला माणूस खालच्या आळीत गेला तर तो काही खात नसे आणि पाणीही पीत नसे. आज त्याच दारात कुणी नम्रपणे ‘आम्ही काही घेत नाही’ म्हणाला, तर घरातल्या आजीला त्यात भक्ती ऐकू येईल की जुनी गोष्ट ऐकू येईल? म्हणून माझं मत असं की पाणी कधीही नाकारू नये. तांब्या पुढे आला की घ्यावा, दोन घोट का होईना, पण समोर प्यावं. त्यानंतर जेवणाला नाही म्हटलेलं चालतं. चहाचं प्रत्येकाने आपापलं ठरवावं, मात्र एका घरी घेऊन दुसऱ्या घरी नाकारणं सगळ्यात वाईट, कारण चाळीत ही बातमी जिना उतरायच्या आत पोचते.

गंमत अशी की गीतेत कृष्ण-अर्जुनाच्या मैत्रीचं जे वर्णन येतं त्यात जेवण आहेच. विश्वरूप पाहून घाबरलेला अर्जुन अकराव्या अध्यायात माफी मागतो. हे कृष्णा, हे यादवा, अरे सख्या, असं मी तुला एकेरी हाकारलं, खेळताना, लोळताना, एका आसनावर बसताना, जेवताना तुझी थट्टा केली. माफी मागतोय, पण त्या निमित्ताने मैत्री कुठे घडते त्याची जागांसकट यादीच देतोय. या यादीत उपदेश करताना असा शब्द नाही. सातशे श्लोकांचा उपदेश रणांगणावर झाला खरा, पण तो ऐकून घेण्याइतका विश्वास त्याआधीच्या लोळण्यात आणि थट्टेत जमला होता. चौथ्या अध्यायात भगवंत हा योग तुला का सांगतोय याचं कारण देतात तेही असंच, तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस म्हणून. ज्याला फेरीचं मर्म हवं असेल त्याने हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

लांबच्या गावी काही दिवसांसाठी जातात ती भक्तिफेरी, आणि जवळपास, वस्तीत, संध्याकाळची वगैरे होते ती भावफेरी. वेळेचा हिशेब एकादशीवर बसवलेला आहे. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं आणि अकरावं मन, ही सगळी देवाच्या कामी लावायची तो दिवस. महिन्यातून दोन, वर्षाचे चोवीस. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा हे महाग पडतं. नोकरीवाल्या मुंबईकराला तिथी सांभाळता येत नाही, मग सुट्टीचा दिवस.

भावफेरीची एक संध्याकाळ जवळून बघू. लालबाग-परळकडची चाळ, दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी. दोघांनी जायचं. एकटा गेला तर घरात बाईमाणूस एकटं असल्यास दोघांनाही अवघड होतं आणि चौघं गेले तर बसायलाच जागा नसते, घरातलं कुणीतरी उठून गॅलरीत उभं राहतं. दोघांत एक बोलणारा आणि एक ऐकणारा असावा. दोघंही बोलणारे निघाले तर घरच्यांना बोलायला मिळत नाही. चपला गॅलरीच्या कडेला, भिंतीला लागून काढायच्या, कारण तिथून शेजाऱ्यांची ये-जा असते. आत गेल्यावर दाराजवळ, जमिनीवर बसायचं. मोरीकडची आणि ओट्याकडची वाट मोकळी ठेवायची. बाई कुकर लावत असेल तर तिला लावू द्यायचा, ‘तुम्ही बसा ना’ म्हणायचं नाही. कॉटवर आजोबा असतील तर पहिलं बोलणं त्यांच्याशी, मोठ्या आवाजात, कारण दिवसभर त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं. टीव्ही चालू असेल तर तो बंद करायला लावू नये. मालिका संपेपर्यंत तीही बघावी. मीही बघतोय म्हटल्यावर त्या घरात जेवढा मोकळेपणा येतो तेवढा कुठल्याही श्लोकाने येत नाही.

विचारायचं काय? ‘गाव कुठलं?’ हा मुंबईतला सगळ्यात चांगला प्रश्न. तीन पिढ्या इथे काढलेला माणूससुद्धा चिपळूण, पाटण, आजरा असं काहीतरी सांगतो आणि मग एसटी, शेत, गणपतीला जायचं की शिमग्याला, असं बोलणं आपोआप लांबतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न, ‘गावात कुठे? कुठली वाडी?’ हा विचारायचा नाही. आडनावही विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं. वाडी आणि आडनाव यांतून माणूस काय हुडकतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. पगार, मुलाचे टक्के, मुलीचं लग्न हे विषय त्यांनी काढले तरच. गीतेचं नाव पहिल्या भेटीत निघता कामा नये. वीस मिनिटं झाली की उठायचं. घड्याळ बघून उठू नये, बोलणं रंगात असताना उठावं. दोन तासांत चार घरं झाली तरी पुष्कळ.

निघताना ‘आमच्या केंद्रावर या’, म्हणजे जिथे स्वाध्याय चालतो तिथे या, हे वाक्य जिभेवर येतं. तिथेच सगळं फिसकटतं. वीस मिनिटं जे काम नव्हतं ते त्या एका वाक्यात काम होऊन बसतं, आणि घरातला माणूस मनात म्हणतो, बघ, म्हटलं नव्हतं?

पहिल्या भेटीत संशय असतो आणि तो असायलाच हवा. दुसऱ्या भेटीत कोडं पडतं, परत कशाला आले असतील? खरी ओळख तिसऱ्या भेटीपासून होते, कारण तोवर मागण्यासारखं असतं तर मागून झालं असतं. पण बहुतेक फेऱ्या पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्येच मोडतात. शिबिरातून उत्साहाने निघालेली जोडी चाळीस घरं करते, टाळ्या होतात, आणि त्यांतल्या अडतीस घरांत पुन्हा कुणी जात नाही. त्या अडतीस घरांना आता अजून एक अनुभव आलेला असतो. म्हणून सुरुवातच आठ-दहा घरांवर करावी, आणि दर पंधरवड्याला तीच. दुसरी भेट महिन्यावर गेली की ती पुन्हा पहिलीच होते.

वेळ सांभाळणं हा तर वेगळाच अभ्यास. कोळीवाड्यात दुपारी जाणारा माणूस वस्ती न बघता निघालेला असतो. बाई पहाटेच्या अंधारात ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला मासळी घ्यायला गेलेली असते, मग बाजार, आणि दुपारी घटकाभर पाठ टेकलेली. तेव्हा दार वाजवणं म्हणजे तिची झोप घेणं. पुरुष समुद्रावर असतात, परत कधी येतील ते वारा-पाणी ठरवतं. भेटायला सगळ्यात सोयीचा काळ पावसाळी बंदीचा. १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नावा किनाऱ्याला असतात, माणसं घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि हात कामात असलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा कुणी सापडत नाही. अर्थात बंदीचा काळ हाच पैशाच्या चणचणीचा काळ, त्यामुळे रिकाम्या हाताने जायच्या नियमाची परीक्षाही तिथेच लागते.

कारण मैत्री झाल्यावर अडचण कळतेच. कुणाचं ऑपरेशन निघतं, कुणाची नोकरी जाते. तेव्हा ‘आम्ही फक्त भेटायला येतो’ म्हणून हात झटकले तर ती मैत्री कसली? आणि खिशातून पाच हजार काढून दिले तर पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला बघून जिन्याने वर निघून जातो. उधारीने तुटलेल्या दोस्त्या मुंबईत प्रत्येकाने पाहिलेल्या आहेत. दादांची कल्पकता मला सगळ्यात जास्त दिसते ती इथे. त्यांनी मदतीतला देणारा काढून टाकला. योगेश्वर कृषीमध्ये गावातली माणसं एका शेतात पाळीपाळीने राबतात. वर्षातले मोजके दिवस वाट्याला येतात, त्या दिवशी तो मजूरही नसतो आणि मालकही नसतो, पुजारी असतो. पीक योगेश्वराचं, म्हणजे कृष्णाचं. किनाऱ्यावर त्याचंच दुसरं रूप म्हणजे मत्स्यगंधा. नाव कुणा एकाच्या मालकीची नाही, खलाशी पाळीने चढतात, मासळीचा पैसा देवाचा. या पैशाला परिवारात अपौरुषेय लक्ष्मी म्हणतात. गरज असलेल्या घरी ती प्रसाद म्हणून जाते, गाजावाजा न करता. घेणाऱ्याला कुणाचे आभार मानायचे नसतात, कारण त्यात कुणा एकाचं काहीच नाही. त्याच्या स्वतःच्याही पाळीचा घाम त्यात असू शकतो.

हे चालतं कशावर, तर पाळी न चुकवण्यावर आणि कुणाला किती दिलं हे न बोलण्यावर. दुसरी अट पहिलीहून अवघड. ‘त्यांच्याकडे आपण पोचवलं हो’ एवढं एक वाक्य चहाच्या टपरीवर सुटलं तरी देणारा परत जन्माला येतो. मुंबईत त्याहून साधी अडचण अशी की इथे शेत नाही आणि कोळीवाड्याबाहेर होडी नाही, मग शहरी माणूस गडबडतो आणि पाकीट काढतो. शहरात त्यापेक्षा हाताशी असलेलं द्यावं. केईएमच्या ओपीडीत सकाळी नंबर लावायला सोबत जाणं, रात्री वॉर्डाबाहेर बसणं, फॉर्म भरून देणं. यात ऋण राहत नाही असं नाही, पण ते पैशाच्या ऋणासारखं टोचत नाही.

बाकी बिघाड ओळखीचेच आहेत. फेरीतल्या घरी विम्याची पॉलिसी विकणं, भिशीत ओढणं, स्थळं सुचवणं. यातलं एकही केलं की त्या घरापुरती फेरी संपली असं समजावं, पुढे मग धंदा म्हणूनच जावं. दुसरं म्हणजे मोबाइल. नंबर मिळाला की रोज सकाळी सुविचार आणि प्रवचनाची क्लिप सुरू होते, आणि दोन आठवड्यांत आपण म्यूट झालेले असतो. आपल्यासारख्यांकडेच जाणं हा तिसरा बिघाड, आणि तो लवकर लक्षात येत नाही. गुजराती जोडी गुजराती बिल्डिंगमध्ये, मराठी जोडी मराठी चाळीत, भाषेच्या सोयीने सुरू होतं आणि सोयीनेच तिथे राहतं. जोडीत एक मराठी आणि एक गुजराती ठेवला तर बोलणं अडखळतं, पण अडखळण्यातच हसायला येतं.

गरिबाघरी जाणं मात्र तुलनेने सोपं. योगसूत्रांत पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार वृत्ती सांगितल्या आणि त्यांच्यापुढे चार प्रकारची माणसं ठेवली. दुःखी माणसापुढे करुणा ठेवली. मैत्री ठेवली ती सुखी माणसापुढे. पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं. पण ज्याचं चांगलं चाललंय, ज्याने नवीन गाडी घेतली, ज्याचा मुलगा परदेशात आहे, त्याच्याकडे काही न मागता आणि पोटात काही न ढवळता जाऊन बसणं किती कठीण आहे हे करून बघावं. टॉवरमध्ये फेरी अडते ती निम्मी यामुळे. उरलेली निम्मी गेटवर अडते. वॉचमन रजिस्टर पुढे करतो, त्यात नाव, फ्लॅट नंबर, आणि शेवटचा रकाना येण्याचं कारण. तिथे काय लिहिणार? खोटं लिहू नये. ‘भेट’ लिहावं आणि इंटरकॉमवर नकार आला तर परत फिरावं. टॉवरमध्ये बाहेरून शिरता येत नाही, आत राहणाऱ्यानेच आपल्या मजल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि आत राहणारा हे नेमकं टाळतो, कारण अनोळखी खेड्यात चार दिवस जाणं त्याला जमतं, समोरच्या फ्लॅटची बेल वाजवणं जमत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ही मैत्री निरपेक्ष म्हणता, पण शेवटी माणसं स्वाध्यायात यावीत असं तुम्हाला वाटतंच ना? वाटतं. ते लपवून उपयोग नाही. परिवार वाढला तो अशाच भेटींमधून वाढला. शिवाय परिवारात रमलेल्या माणसाचे रविवार केंद्रात जातात, शाळेतले जुने मित्र हळूहळू मागे पडतात, आणि जगाशी मैत्री करायला निघालेला माणूस एका वर्तुळात येऊन बसतो. समर्थांनी सख्यभक्ती सांगताना दासबोधात ‘देवाच्या सख्यत्वासाठीं पडाव्या जिवलगांसी तुटी’ असं स्पष्ट म्हटलंय. देवाच्या मैत्रीसाठी जवळची माणसं तुटली तरी चालतील. ती एक वाट झाली. दादांची वाट माणसांमधून देवाकडे जाते, त्यामुळे तिथे तुटी परवडत नाही. ज्याची जुनी दोस्ती स्वाध्यायामुळे सुटली त्याचं काहीतरी चुकतंय असंच मी म्हणेन.

निरपेक्षता मोजायची तर ती न आलेल्या घरांवर मोजता येते. दहा घरांपैकी दोन-तीन घरं वर्षानुवर्षं चहा देतात, गप्पा मारतात, गणपतीला बोलावतात आणि केंद्राची पायरी कधी चढत नाहीत. एखाद्या घरात तर नास्तिक काका असतात, ते दर वेळी देव नाही हे पटवून देतात आणि पुढच्या वेळी उशीर झाला तर रागावतात. वर्षाच्या शेवटी आढावा घेताना ही घरं यादीतून काढून नवीन घ्यावीत अशी सूचना हमखास येते. ती मानू नये. ती घरं गळाली की उरलेल्या भेटी भरती मोहिमेच्या होतात, आणि हे बाकीच्या सात घरांनाही कळतं, चाळीत भिंती पातळ असतात. काकांकडे जाणारी जोडी बदलायची वेळ आलीच तर दोघांपैकी एकालाच बदलावं, आणि नव्याला आधी सांगून ठेवावं की त्यांच्याशी वाद घालायला हरकत नाही, फक्त जिंकायची घाई करू नये.